एफपीजीए स्क्रीनवर चालतो, मागावर का अडतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. तेव्हापासून साणंद, धोलेरा ही नावे बेळगावच्या चहाच्या टेबलावरही ऐकू येतात, आणि पोराला 'चिप डिझाइनला' घालायचे म्हणणारे पालक वाढले आहेत. त्यात वावगे काही नाही. फक्त चिप घडवायला धोलेऱ्याची गाडी पकडावी लागत नाही. एफपीजीए (फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे) नावाचा तयार चिप दोन-तीन हजारांच्या बोर्डावर मिळतो आणि त्याच्या आतले सर्किट आपल्याला हवे तसे जोडता येते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत तिसऱ्या सत्रातच व्हेरिलॉग, म्हणजे सर्किट लिहून काढायची भाषा, शिकवतात. तरीही अंतिम वर्षाचे बहुतेक प्रोजेक्ट संगणकावर उमटलेल्या लहरींच्या चित्रापाशी थांबतात. इथून दोन-तीन किलोमीटरवर खासबाग-वडगावात यंत्रमागाचे मीटर मोजायला नीट काउंटर नसतो. ही दरी पाच-सहा किरकोळ पार्ट आणि तीन-चार सवयींची आहे. त्या कोणत्या, हे प्रोजेक्टच्या मोसमाआधी विद्यार्थ्यांपर्यंत पोचावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे.

आधी वस्तू काय आहे ते आपल्याच भाषेत. गेट अ‍ॅरे म्हणजे ताणा भरून ठेवलेला माग. कारखाना ट्रान्झिस्टरांच्या रांगा अगोदरच तयार ठेवतो. गिऱ्हाइकाच्या आराखड्याप्रमाणे वरचे धातूचे थर तेवढे टाकायचे, म्हणजे बाणा. १९८१ च्या सिंक्लेअर झेडएक्स८१ संगणकात फेरांटी कंपनीचा असाच एक अ‍ॅरे होता आणि त्याने सुट्या चिपांचा ढीग हटवून अख्खे यंत्र चार चिपांवर आणले. दोष एकच: आराखड्यात एक चूक सापडली की नवे मास्क (थर छापायचे साचे), नवा खर्च, पुन्हा आठवड्यांची वाट. १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने एक्ससी२०६४ हा एफपीजीए आणला, त्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते आणि त्यांच्यामधल्या जोडण्या धातूत न गोठवता मेमरीच्या बिटांत ठेवल्या होत्या. जॅकार्डच्या पुठ्ठ्यांसारखेच हे. पुठ्ठे बदला, नक्षी बदलते, माग तोच राहतो.

आतला मूळ घटक फार साधा आहे: चार इनपुटचे एक लुकअप टेबल, म्हणजे सोळा ओळींचे कोष्टक, आणि त्याच्या शेजारी एक फ्लिपफ्लॉप, म्हणजे एक बिट लक्षात ठेवणारी जागा. गोविन कंपनीच्या जीडब्ल्यू१एनआर-९ या एफपीजीए चिपमध्ये अशी ८,६४० कोष्टके आणि ६,४८० फ्लिपफ्लॉप आहेत. तो बसवलेला टँग नॅनो ९के बोर्ड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो, म्हणून पुढचे हिशेब त्यावरच केले आहेत. दुसरा कुठला बोर्ड असला तरी आकडे बदलतील, चुका त्याच राहतील.

मागावरचे मीटर मोजणे हा नमुना मुद्दाम घेतला आहे, कारण त्यात पुस्तकातले जवळजवळ सगळे येते. साध्या काउंटरला एकच सेन्सर असतो आणि त्याला पुढे-मागे कळत नाही. फणीचा प्रत्येक ठोका कापडाला हिसका देतो, चाक किंचित मागे-पुढे डोलते आणि सेन्सर नेमका कडेवर असला तर कापड जागचे न हलता आकडा वाढत राहतो. विणकर चुकलेले बाणे काढायला कापड मागे घेतो, तेही वाढीतच धरले जाते. मग मजुरीच्या दिवशी मालक आणि विणकर दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

यावर उपाय दोन चॅनेलचा (ए आणि बी) एन्कोडर, म्हणजे चाक फिरेल तसे दोन तारांवर पल्स देणारा सेन्सर. फेऱ्याला ६०० पल्सचा घ्यावा. दोन्ही चॅनेलच्या चढत्या-उतरत्या अशा सगळ्या कडा (सिग्नल बदलण्याचे क्षण) मोजल्या की एका फेऱ्यात २,४०० आकडे मिळतात. त्यावर २०० मिलिमीटर परिघाचे रबरी चाक बसवले तर एका मिलिमीटरला १२ आणि एका मीटरला १२,००० आकडे. दिशा ठरवायला मागच्या क्षणाचे ए आणि बी, आणि आत्ताचे ए आणि बी, असे चार बिट लागतात. चार बिटांच्या सोळा जोड्या होतात: चारमध्ये काहीच बदल नाही, चार पुढे, चार मागे आणि उरलेल्या चार अशक्य, कारण दोन्ही चॅनेल एकदम बदलूच शकत नाहीत. चार इनपुट, सोळा ओळी. म्हणजे यातला प्रत्येक हो-नाहीचा निर्णय एकेका कोष्टकात मावतो. चारही बिटांचा एक्सॉर (एकांची संख्या विषम असली तर एक, नाहीतर शून्य) घेतला की 'मोजायचे का' हे कळते, आत्ताचा ए आणि मागचा बी यांच्या एक्सॉरने 'कुठल्या दिशेला' हे कळते. ज्या मास्तरांना लुकअप टेबल फळ्यावर समजवायचे आहे त्यांना याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अशक्य जोड्यांकडे मात्र काणाडोळा करू नये. त्या दिसल्या की पेटेल असा एक लाल एलईडी लावून ठेवावा. तो पेटला म्हणजे केबल सैल आहे, नॉइज आहे किंवा सॅम्पलिंग अपुरे पडते आहे.

इथपर्यंतचे सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली चाचणीत, सगळे जमते. खरी परीक्षा पिनवर सुरू होते.

पहिली गोष्ट व्होल्टेज. या चिपच्या पिन ३.३ व्होल्टच्या, आणि काही तर १.८ च्या. टँग नॅनो ९के वर बटणे आणि सहा एलईडी ज्या बँकेवर (पिनांच्या गटावर) आहेत ती १.८ व्होल्टची आहे. मोकळी पिन दिसली म्हणून त्या बँकेत ३.३ चा सिग्नल घातला की चिप लगेच मरत नाही, पण चुकीचे वाचायला लागतो आणि शोधणाऱ्याचा आठवडा जातो. ५ व्होल्ट थेट देणे तर नकोच. बाजारात मिळणारे स्वस्त एन्कोडर बहुतेक एनपीएन ओपन कलेक्टरचे असतात. त्यांना १२ व्होल्ट पुरवठा दिला तरी आउटपुट फक्त जमिनीकडे ओढले जाते, म्हणून टेबलावर तपासताना ३.३ व्होल्टला २.२ किलोओहमचा पुल-अप (आउटपुट वर ओढणारा रेझिस्टर) लावून काम भागते. तसाच दिसणारा पुश-पुल आउटपुटचा एन्कोडर आला तर तो १२ किंवा २४ व्होल्ट सरळ पिनवर ढकलतो. जोडण्यापूर्वी पुल-अप काढून मल्टिमीटरने आउटपुट मोजावे. आपणहून पुरवठ्याइतके व्होल्टेज दाखवत असेल तर तो पुश-पुल, दूर ठेवा.

प्रत्यक्ष मागावर ओपन कलेक्टरवरही विसंबू नये. मोटर, काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि चार मीटर केबल एकत्र आले की ऑप्टोकपलर, म्हणजे तारा न जोडता प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा पार्ट, हवाच. २४ व्होल्टच्या सिग्नलसाठी पीसी८१७ आणि त्याच्या एलईडीशी सिरीजमध्ये २.२ किलोओहम: साधारण १० मिलिअँपिअर वाहतात आणि रेझिस्टरमध्ये पाव वॉटला टेकणारी उष्णता होते. म्हणून पाव वॉटचा नाही, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घ्यावा; पाव वॉटचा महिनाभरात तपकिरी पडतो. आउटपुट बाजूचा पुल-अप १ किलोओहम ठेवावा. सवयीने १० किलोओहम लावला तर ट्रान्झिस्टर बंद व्हायला वेळ घेतो, कड लोळते आणि घडी घालायच्या टेबलासारख्या वेगवान जागी आकडे गळतात. केबल शील्डची, शील्डला अर्थिंग एकाच टोकाला. काँटॅक्टरच्या एसी कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर (विजेचा झटका शोषणारी जोडी), डीसी रिलेवर उलटा १एन४००७ डायोड. हे दहा-वीस रुपयांचे पार्ट विसरले म्हणून कितीतरी बरे प्रोजेक्ट 'नॉइज आहे' एवढ्या शेऱ्यावर गुंडाळले जातात.

दुसरी गोष्ट मेटास्टेबिलिटी, आणि पुस्तकात ती सहसा शेवटच्या पानावर असते. एन्कोडरची कड आपल्या क्लॉकची, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या ठोक्यांची, वाट पाहत नाही. ती अगदी क्लॉकच्या कडेवरच आली तर फ्लिपफ्लॉप उंबरठ्यावर थांबतो, आत नाही की बाहेर नाही. तो सिग्नल त्याच क्षणी दोन ठिकाणी वाचला जात असेल तर एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी एक वाचला जातो. म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक तार आधी एकामागे एक दोन फ्लिपफ्लॉपमधून न्यावी आणि मगच वापरावी. सिम्युलेटरला उंबरठा माहीत नसतो, त्यामुळे ही चूक स्क्रीनवर कधीच दिसत नाही. मागावर ती दिवसातून एकदा, कधी दोनदा दिसते, आणि परीक्षक आले की हमखास.

यानंतर फिल्टर. बोर्डाचा क्लॉक २७ मेगाहर्ट्झ. त्याला २७० ने भागून दर १० मायक्रोसेकंदाला एक सॅम्पल घ्यावे आणि सलग चार सारखे आले तरच बदल मान्य करावा, म्हणजे ३० मायक्रोसेकंदांपेक्षा लहान काटे आपोआप गाळले जातात आणि खरा बदल फार तर ४० मायक्रोसेकंदांत मान्य होतो. हे फार कडक तर होत नाही ना, तेही तपासावे: घडीच्या टेबलावर कापड सेकंदाला १ मीटर धावले तर सेकंदाला १२,००० आकडे, म्हणजे एकाच चॅनेलचे दोन बदल १६७ मायक्रोसेकंदांच्या अंतरावर. चाळीस त्यात आरामात बसतात. बटणाच्या डीबाउन्सला, म्हणजे दाबताना होणारी थरथर गाळायला, मात्र २० मिलिसेकंद लागतात. ते म्हणजे ५,४०,००० क्लॉक, आणि त्याला २० बिटांचा काउंटर. १९ बिट ५,२४,२८८ वरच संपतात. असा हिशेब कागदावर करायची सवय नसल्यामुळे 'काउंटर मधेच शून्य होतो सर' ही तक्रार दरवर्षी ऐकू येते.

आता भागाकार. मीटर काढायला १२,००० ने भागायचे म्हणून विद्यार्थी व्हेरिलॉगमध्ये तिरपी रेघ मारून मोकळा होतो. ती सी भाषा नव्हे. त्या एका रेघेपोटी चिपमध्ये लांबलचक भागाकाराचे जाळे उभे राहते, टायमिंग ढासळते, आणि गरज तर काहीच नसते. १४ बिटांचा काउंटर ११,९९९ नंतर शून्यावर आणावा आणि तेव्हा मीटरचा दशमान काउंटर एकाने वाढवावा. मागे येताना शून्याखाली गेला की ११,९९९ वर न्यावा आणि मीटर एकाने कमी करावा. झाले. चाकाचा परीघ नेमका २०० मिलिमीटर कधीच नसतो, म्हणून टेपने मोजलेले १० मीटर कापड फिरवून पाहावे. ९.९५ दाखवले तर १२,००० च्या जागी ११,९४० घालावे. एका मागाला सिंक्रोनायझर, फिल्टर आणि काउंटर धरून ४६ फ्लिपफ्लॉप लागतात. आठ मागांना ३६८, म्हणजे ६,४८० पैकी सहा टक्केही नाहीत, आणि आठही एकाच क्षणी मोजले जातात, कुणी कुणासाठी थांबत नाही. एफपीजीए घ्यायचे खरे कारण हे. एकाच मागासाठी तो घेऊ नये. एसटीएम३२ सारख्या मायक्रोकंट्रोलरच्या टायमरमध्ये एन्कोडरची सोय तयारच असते, तिथे एफपीजीए लावणे म्हणजे निव्वळ हौस.

डिस्प्लेला मॅक्स७२१९ हा आठ अंक चालवणारा चिप सोपा. आठ मागांचे चार-चार अंक म्हणजे चार चिप, तीनच तारांवर साखळीने. पण तो ५ व्होल्टवर चालतो आणि 'एक' म्हणून निदान ३.५ व्होल्ट मागतो. आपण देतो ३.३. टेबलावर चालून जातो, गरमीत अंक नाचायला लागतात. मधे ७४एचसीटी१२५ हा बफर चिप टाकावा, त्याला २ व्होल्ट पुरतात. दुकानदार 'तेच आहे' म्हणून ७४एचसी१२५ देईल. तेच नाही, त्यालाही ३.५ च लागतात.

आणि करंट जाणे. आपल्याकडे हे सांगायला नको. वीज गेली की फ्लिपफ्लॉपमधला आकडा गेला. करंट गेला तरी आकडा जपणारी एफआरएएम मेमरी जोडावी: आठ मागांचे ३२ बाइट ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर (दोन तारांच्या जोडणीवर) एका मिलिसेकंदाच्या आत लिहून होतात. ईईप्रॉम वापरला तर एका पानाला साधारण ५ मिलिसेकंद, शिवाय १० लाख वेळा लिहिण्याची मर्यादा, म्हणून तो दर सेंटिमीटरला लिहू नये. वीज जातेय हे कळायला २४ व्होल्टच्या बाजूला १५ व्होल्टचा झेनर, १ किलोओहम आणि एक पीसी८१७ सिरीजमध्ये लावावेत; पुरवठा सोळाच्या आसपास उतरला की ऑप्टो बंद होतो, आणि तोच 'आता लिही' हा इशारा. तोवर ५ व्होल्ट अजून शाबूत असतात. ५ व्होल्टवर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल आणि बोर्ड १५० मिलिअँपिअर घेत असेल तर पाचावरून चारवर यायला आणखी १४ मिलिसेकंद मिळतात. भरपूर झाले. तातडीने माग थांबवायचे लाल बटण मात्र या सगळ्यातून नेऊ नये, ते थेट काँटॅक्टर तोडणारेच असावे.

'काल चालत होते, आज बोर्ड मेला' या तक्रारीत बहुतेक वेळा बोर्ड मेलेला नसतो. प्रोग्रॅमरमध्ये एसरॅमवर लिहिणे आणि आतल्या फ्लॅशवर लिहिणे असे दोन पर्याय असतात. पहिला करंट गेला की पुसला जातो. चिप ओळखलाच जात नसेल तर प्रोजेक्टमध्ये जीडब्ल्यू१एनआर-९ निवडला आहे की ९सी, ते पाहावे. बोर्डावर सी आवृत्ती असते.

प्रयोगशाळांच्या कपाटांत स्पार्टन-३ आणि स्पार्टन-६ चे बोर्ड पडून आहेत. ते भंगारात काढू नयेत. झायलिंक्सचे नवे विवाडो सॉफ्टवेअर त्यांना ओळखत नाही. त्यांना २०१३ चे आयएसई १४.७ लागते. पॅरलल पोर्टची जुनी केबल असेल तर एक जुना संगणक त्यासाठी राखून ठेवावा. शिकायला ते अजून पुरेसे आहेत. नव्या खरेदीत मात्र त्यांच्या मागे लागू नये, आणि बेंगळुरूच्या एसपी रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे जुने चिप आणताना वरची छपाई घासून नवी केलेली तर नाही ना, हे भिंगातून पाहावे.

उद्यमबागेतल्या दुरुस्तीवाल्यांसाठी थोडे वेगळे. जुन्या यंत्रांच्या कार्डांवरचे २० आणि २४ पायांचे पॅल-गॅल (आतले लॉजिक भरता येणारे छोटे) चिप हे याच घराण्यातले वडीलधारे. त्यांच्या जागी एटीएफ१६व्ही८ आणि एटीएफ२२व्ही१० चालतात, साध्या यूएसबी प्रोग्रॅमरवर भरता येतात. १६व्ही८ रजिस्टर्ड मोडमध्ये असेल तर ११ नंबरचा पाय आउटपुट एनेबल होतो, तो जमिनीला नसेल तर आउटपुट हवेत लोंबकळतात आणि चिप खराब समजून फेकला जातो. जुन्या चिपची सिक्युरिटी फ्यूज उडवलेली असेल तर आतले वाचता येत नाही. पण फ्लिपफ्लॉप नसलेला, १० इनपुटचा चिप असेल तर १,०२४ जोड्या देऊन त्याचे कोष्टक बाहेरून उतरवता येते. फ्लिपफ्लॉपवाल्या १६आर८ ला हा डाव पुरत नाही, त्याचे पुढचे उत्तर मागच्यावर अवलंबून असते. कार्ड चालू आहे तोवरच हे करून ठेवावे. एटीएफ चिपांच्या डेटाशीटमध्ये माहिती २० वर्षे टिकण्याची हमी असते आणि पहिल्या पिढीचे गॅल ती वये ओलांडून बसले आहेत.

खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण इथून दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेल्या मुलांना 'सेटअप टाइम' हा शब्द पहिल्यांदा इंग्रजी फळ्यावर भेटतो आणि पाठ होतो, कळत नाही. 'क्लॉकची कड यायच्या आधी माहिती किती वेळ स्थिर उभी पाहिजे' असे एकदा मराठीत, आणि शेजारी बसलेल्या कन्नड मुलाला कन्नडमध्ये सांगितले तर कुठल्याच विद्यापीठाचा नियम मोडत नाही.

महाविद्यालयांकडे मागणी छोटी आहे. एफपीजीएच्या प्रोजेक्टला गुण देताना लहरींचे चित्र पाहू नये. परीक्षकांनी व्हायव्हात प्लग काढावा, परत लावावा आणि आकडा तोच आहे का ते पाहावे. मग चाक बोटाने अर्धा मिलिमीटर पुढे-मागे मिनिटभर डोलवावे आणि मूळ खुणेवर आणून सोडावे. आकडाही मूळ जागी परतला तर तो काउंटर दुसऱ्या दिवशी खासबागेतल्या मागावर बसवायला हरकत नाही.

आपला,
डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक
शहापूर, बेळगाव